‘रांगेतून या’: सोसायटीच्या ग्रुपवर शनिवार ते मंगळवार

शनिवार

कुलकर्णी काका, ए-३०२: *फॉरवर्ड केलेला मेसेज:* ऑस्ट्रेलियाकडून शिका!! बोटीने घुसणाऱ्यांची बोट भर समुद्रात बुडवतात. दहा वर्षांत एकही घुसखोर नाही. आपण कधी जागे होणार? पुढे पाठवा 🙏

संतोष, बी-१०१: लई भारी काका. पण नळाला पाणी कधी येणार ते पण शिका की कुणाकडून तरी. आज पाचवा दिवस आहे

सेक्रेटरी: टँकर सांगितलाय. कृपया ग्रुपवर सोसायटीचेच विषय घ्यावेत.

अनघा, सी-२०३ (मेलबर्न): काका, नमस्कार. आई-बाबांमुळे मी या ग्रुपवर असते, सहसा बोलत नाही. पण बोटी बुडवतात हे खोटं आहे हो. बोट अडवतात आणि इंडोनेशियाच्या हद्दीकडे परत लावतात. २०१४ मध्ये तर सरकारने नारंगी रंगाच्या बंद लाइफबोटी वापरल्या होत्या. लोकांना त्यात बसवायचं, पुरेल एवढं डिझेल द्यायचं आणि सोडायचं. आणि एकही येत नाही असंही नाही. अधूनमधून येतात, त्यांना नाउरूला, म्हणजे पॅसिफिकमधल्या एका छोट्या बेटाच्या देशात, पाठवतात.

कुलकर्णी काका: बुडवत नसतील. परत पाठवतात ना? मुद्दा तोच. माझ्या मुलाने पर्थला जायला तीन वर्षं कागद केले. इंग्रजीची परीक्षा दोनदा दिली. तो रांगेत उभा राहिला आणि हे मागून येऊन घुसणार? टँकरला आपण नंबर लावतो की नाही?

संतोष: टँकरला नंबर कोण लावतंय काका, मागच्या उन्हाळ्यात बघितलंय की सगळ्यांनी 😀

अनघा: काका, दादाची रांग नोकरीच्या व्हिसाची. ही वेगळी. इंडोनेशियात बरेच लोक, जास्त करून अफगाणिस्तानातले हजारा जमातीचे, संयुक्त राष्ट्रांच्या ऑफिसात नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबलेले असतात. म्हणजे नंबर लावूनच. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाने जाहीर केलं की १ जुलै २०१४ पासून तिथे नाव नोंदवलेल्या कुणालाच घेणार नाही. टँकर येणारच नाही म्हटल्यावर घागर कुठे ठेवायची?

आणि एक. विमानाने टुरिस्ट व्हिसावर येऊन मग आश्रय मागितला तर नाउरूला पाठवत नाहीत. ते फक्त बोटवाल्यांना.

म्हेत्रे सर, ए-१०४: हे मला नव्हतं माहीत.

रविवार

कुलकर्णी काका: काल रात्री वाचत बसलो होतो. अनघा, मला आडमुठा समजू नकोस. २०१० च्या डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटाच्या खडकावर एक बोट आपटून फुटली. वर कड्यावर गावातले लोक उभे, खाली माणसं बुडतायत, हे लाइफजॅकेट फेकतायत आणि वारा ती परत खडकावर आणून टाकतोय. पन्नासच्या आसपास माणसं गेली, लेकरं होती त्यात. त्याआधी २००१ मध्ये एका बोटीतली ३५३ गेली. बोटी निघाल्याच नाहीत तर कुणी बुडणार नाही. म्हणून कडक धोरण. यात काय चुकलं, सांग.

अनघा: यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. इथेही नाही कुणाकडे. म्हणून तर दोन्ही मोठे पक्ष शेवटी एकाच जागी आले. १९ जुलै २०१३ ला मजूर पक्षाचे पंतप्रधान रड यांनी सांगितलं, बोटीने येणाऱ्याला ऑस्ट्रेलियात कधीच वसवणार नाही. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या पक्षाचे ॲबट पंतप्रधान झाले, त्यांनी बोटी अडवायचं काम लष्कराच्या अधिकाऱ्याकडे दिलं. बोटी कमी झाल्या, हे खरंच आहे.

पण आधी पोहोचलेल्यांचं काय? नाउरू म्हणजे २१ चौरस किलोमीटर. पापुआ न्यू गिनीच्या मानूस बेटावर पुरुषांना ठेवलं, ते डांबून ठेवणं बेकायदा आहे असं २०१६ मध्ये त्याच देशाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं. न्यूझीलंड २०१३ पासून म्हणत होतं, वर्षाला १५० जण आम्हाला द्या. ऑस्ट्रेलियाने हो म्हटलं २०२२ मध्ये. नऊ वर्षं, काका. घ्यायला माणूस दारात उभा आहे आणि हे सोडेनात. का, तर सोडलं तर बाकीच्यांना धीर येईल. म्हणजे न आलेल्यांना दाखवायला आलेल्यांना ताटकळत ठेवायचं. मला खटकतं ते एवढंच.

संतोष: हे पटलं बे आपल्याला

कुलकर्णी काका: संतोष, ‘बे’ कुणाला?

संतोष: सॉरी काका. सोलापूर आहे, तोंडात बसलंय

बिराजदार काकू, सी-२०२: सगळं वाचून दाखवलं सासूबाईंना. त्या म्हणाल्या, आम्ही पण तसंच आलो की. लिही म्हणाल्या म्हणून लिहिते.

त्यांचं माहेर नळदुर्गच्या पलीकडचं, तेव्हा निजामाच्या राज्यात. सोलापूर इंग्रजांचं, आणि १९४७ नंतर भारताचं. म्हणजे मधे सरहद्दच होती. रझाकारांच्या भीतीनं रात्री बैलगाडीनं निघाले. सासूबाई आठ वर्षांच्या. वडिलांनी बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांत चिंध्या कोंबल्या होत्या, आवाज नको म्हणून. आणि त्यांच्या आईनं निघताना जात्याचा खुंटा उपटून कमरेला खोचला. का, तर आपल्या मागं आपल्या जात्यावर दुसऱ्या कुणी दळू नये. पाच महिने मंगळवार पेठेत एका वाण्याच्या वखारीत राहिले. गोणपाटाचा वास अजून नाकात आहे म्हणतात.

पास कुणी विचारला का, असं मी विचारलं. म्हणाल्या, वाण्यानं एवढंच विचारलं, जेवलाव का?

म्हेत्रे सर: काकू, फार मोलाचं लिहिलंत. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडूनच नळदुर्गवर गेल्या. फक्त एक भर घालतो, शिक्षकाची खोड म्हणा. पोलीस ॲक्शननंतर त्याच भागातून मुसलमान कुटुंबंही जीव मुठीत धरून पळाली. त्यांच्याही घरी दळायची जाती होती.

सोमवार

कुलकर्णी काका: आजींना नमस्कार सांगा. पण काकू, त्या परत गेल्या ना गावाला?

बिराजदार काकू: हो, दिवाळीच्या आधी. खुंटा परत बसवला.

कुलकर्णी काका: तेच म्हणतोय. हे लोक परत जात नाहीत.

अनघा: जायला रझाकार जावे लागतात ना काका. २००१ मध्ये ‘टँपा’ नावाच्या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने बुडत्या बोटीतून ४३३ जण उचलले, बहुतेक हजारा, तालिबानपासून पळालेले. ऑस्ट्रेलियाने जहाजाला किनारा दिला नाही, नाउरूची सगळी सुरुवात तिथून. त्यातल्या शंभरावर लोकांना न्यूझीलंडने घेतलं, काहींना परत अफगाणिस्तानात पाठवलं. आणि २०२१ मध्ये तालिबान पुन्हा काबूलमध्ये.

मंगळवार

कुलकर्णी काका: माझं मत अजून तेच आहे, सीमा सांभाळायलाच हवी. पण शनिवारचा फॉरवर्ड खोटा होता, तो काढायला गेलो तर ‘सगळ्यांसाठी डिलीट’ येतच नाहीये.

संतोष: लई दिवस झाले काका, आता नाही होत

कुलकर्णी काका: सेक्रेटरी, तुम्ही ॲडमिन आहात, काढा.

सेक्रेटरी: राहू द्या की काका. तो काढला तर खालचं कशावर चाललंय ते कुणाला कळणार? टँकर सहाला येतोय. बी विंग आधी.