गहू सोडल्यावर सीलियाकची टेस्ट निगेटिव्ह आली, पेशींवरची नवी रक्ततपासणी बेळगावकडं होते का?

खानापूरची लेक
नमस्कार मंडळी. मी खानापूरकडची, वय ३४. चार वर्षं झाली हिमोग्लोबिन ८-९ च्या वर जाईना, लोहाच्या गोळ्या खाऊन कंटाळले, दोनदा सलाईनमधून लोह दिलं तेवढ्यापुरतं वर गेलं आणि परत खाली. पोट फुगणं, पातळ होणं हे तर लग्नाच्या आधीपासूनचं, घरातले म्हणायचे हिला बाहेरचं सोसत नाही. फेब्रुवारीत नणंद म्हणाली गहू सोडून बघ, मग चपाती बंद करून भात आणि जोंधळ्याच्या भाकरीवर राहिले आणि खरंच दोन महिन्यात पोट शांत झालं. हे सांगितल्यावर आमच्या डॉक्टरांनी सीलियाकसाठी, म्हणजे गव्हानं लहान आतडं खराब होतं त्या आजारासाठी, टीटीजी आयजीए ही रक्ताची टेस्ट लिहून दिली, ती आली निगेटिव्ह. आता बेळगावातले दुसरे डॉक्टर म्हणतात गहू बंद असताना केलेल्या टेस्टवर विसंबता येत नाही, दीड-दोन महिने रोज चपाती खा मग रक्त आणि एंडोस्कोपी करू. मला ते दिवस परत नकोत हो. घरात पाच वर्षांचा मुलगा, गणपती तोंडावर आलेत, मी आडवी झाले तर बघणार कोण.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सीबीसीत लिम्फोसाइट ४२ टक्के आलंय, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी वाढल्यात, तर सीलियाक समजायचं का? आणि गहू न खाताच रक्तातल्या पेशींवरून ओळखायची नवी टेस्ट ऑस्ट्रेलियात निघालीय असं वाचलं, ती इकडं कुठं होते का? पुण्याला, बेंगळूरला जायची तयारी आहे.

शहापूरची आई
ताई, तुमचं वाचून माझंच आठवलं. माझ्या मुलाला सातव्या वर्षी निघालं. त्याची उंचीच वाढेना, वर्गात सगळ्यात पुढं उभा असायचा, आणि आम्ही दोन वर्षं नुसती जंताची औषधं आणि टॉनिक देत बसलो.

चपाती परत सुरू करायची भीती कळते, पण डॉक्टर बरोबर सांगतायत. टीटीजी म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळं शरीर स्वतःच्याच विरुद्ध बनवतं ती अँटिबॉडी, गहू बंद झाला की काही महिन्यात ती उतरत जाते. तुमचे तर सहा महिने होत आले. आणि एक बघा, टोटल आयजीए केली होती का? आयजीए हा अँटिबॉडीचा एक प्रकार, तो अंगात एकूण किती आहे ते त्यात बघतात. सीलियाकच्या १०० पेशंटमधल्या २-३ जणांच्या अंगात आयजीए बनतच नाही, त्यांची टीटीजी आयजीए गहू खात असतानाही निगेटिव्हच येणार. मग आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या अँटिबॉडीची टेस्ट करावी लागते. आमच्या पहिल्या रिपोर्टमध्ये हे कुणी बघितलंच नव्हतं.

एंडोस्कोपीच्या आधी तपासायला आतड्याचे तुकडे किती घेणार हे विचारून घ्या. आमच्या मुलाचे पहिल्यांदा दोनच घेतले, रिपोर्टवर नक्की सांगता येत नाही असा शेरा आला आणि पोराला परत भूल द्यावी लागली, ते मला अजून सहन होत नाही. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून निदान चार आणि त्याच्याही अगदी सुरुवातीच्या, जठराला लागून असलेल्या फुगीर भागातून एक-दोन घ्यायचे असतात कारण आतडं सगळीकडं सारखं खराब होत नाही. लोह शोषायची मुख्य जागा पण तीच, म्हणून गोळ्या लागू पडत नसतील.

मायक्रोस्कोप टिळकवाडी
मी लॅबमध्ये काम करतो, म्हणून पेशींचं जरा सविस्तर लिहितो.

लिम्फोसाइट ४२ टक्के यावरून सीलियाकचं काहीच कळत नाही. सर्दी-तापानंतर पण एवढं दिसतं. सीबीसीत सगळ्या लिम्फोसाइट एकत्र मोजल्या जातात, त्यातल्या ग्लूटेन ओळखणाऱ्या टी पेशी इतक्या थोड्या की त्या जातीच्या दहा लाख पेशींत मोजक्याच सापडतात. मशीनला त्या वेगळ्या दिसत नाहीत.

पण याच पेशी महत्त्वाच्या आहेत, कारण त्या विसरत नाहीत. अँटिबॉडी उतरली तरी या स्मरण ठेवणाऱ्या टी पेशी गहू सोडल्यावर वर्षानुवर्षं राहतात. नॉर्वेत ओस्लोच्या लोकांनी त्या पकडायला ग्लूटेनचा तुकडा लावलेला आणि चमकणारा रंग जोडलेला एक गळ बनवला, तो फक्त त्याच पेशींना चिकटतो आणि फ्लो सायटोमेट्रीच्या मशीनवर त्या मोजता येतात. तुम्ही वाचलेली टेस्ट मेलबर्नच्या संशोधकांची, २०२५ ची. ती समजायला टीबी गोल्ड डोळ्यासमोर आणा, रक्ताच्या ट्यूबमध्ये टीबीचे प्रथिन टाकून रात्रभर ठेवतात आणि पेशी चिडल्या का ते बघतात, तशीच ही. रक्तात ग्लूटेनचे तुकडे टाकायचे, नुसत्या रक्ताची दुसरी ट्यूब शेजारी ठेवायची, आणि पेशींनी इंटरल्यूकिन टू नावाचं रसायन सोडलं का ते मोजायचं. म्हणजे गहू पेशंटच्या पोटात जात नाही, ट्यूबमध्ये जातो. १८१ जणांवर केली, सीलियाक असलेल्या ९० टक्के लोकांत पकडली आणि नसलेल्या ९७ टक्के लोकांत बरोबर नाही सांगितलं. पण हे आकडे डीक्यू टू पॉइंट फाइव्ह हा सीलियाकशी जोडलेला जीन असलेल्या लोकांचे आहेत.

ताई, ही अजून संशोधनातली टेस्ट आहे, आपल्याकडं डॉक्टरांनी लिहून द्यायची आणि लॅबनं करायची अशी नाही. त्यासाठी पुण्या-बेंगळूरला हेलपाटा घालू नका. त्याऐवजी एचएलए डीक्यू टू आणि डीक्यू एट या सीलियाकशी जोडलेल्या जीनची टेस्ट करता येते, रक्त इथंच घेतात आणि सँपल मोठ्या लॅबला जातं. तिला गहू खाल्ला काय न खाल्ला काय फरक पडत नाही. दोन्ही निगेटिव्ह आले तर सीलियाक जवळजवळ नाहीच, मग दोन महिने चपाती खायची वेळच येणार नाही. पॉझिटिव्ह आली तर मात्र सिद्ध काही होत नाही, १०० त ३०-४० निरोगी माणसांत पण ते जीन असतात.

निपाणीकर
ताई खपली गहू खाऊन बघा. आमच्या आईला साध्या चपातीनं ॲसिडिटी व्हायची, खपलीची चपाती, खीर काही त्रास नाही. आमच्या भागात पूर्वी सगळे खपलीच खायचे, तेव्हा हे आजार कुठं होते.

शहापूरची आई
दादा तुमच्या आईंना बरं वाटतंय हे चांगलंच आहे, पण सीलियाकवाल्या माणसाला खपली चालत नाही हो. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे. सासूबाईंनी मायेनं माझ्या मुलाला खपलीची खीर दिली होती, पुढचे चार दिवस त्याचे हाल बघवेनात. सातू म्हणजे जव पण नाही चालत. कृपा करून हे कुणाला सांगू नका.

मायक्रोस्कोप टिळकवाडी
सहमत. आणि पूर्वी आजार नव्हता असं नाही, ओळखला जात नव्हता. २०१६ मध्ये देशभरची एक पाहणी छापून आली, उत्तरेत १.२३ टक्के लोकांत सीलियाक आणि दक्षिणेत ०.१० टक्के. जीनचं प्रमाण साधारण सारखंच, फरक गव्हात, तिकडं माणसी दिवसाला सुमारे ४५५ ग्रॅम आणि इकडं २५. आपण मध्येच अडकलोय, घरात भाकरी-भात पण डब्याला चपाती आणि चहाबरोबर बिस्कीट. म्हणून इकडं पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही.

आणखी एक, गहू सोडल्यावर बरं वाटलं म्हणजे सीलियाकच असं नाही. गव्हातल्या फ्रुक्टान नावाच्या साखरेनं पण काहींचं पोट फुगतं. पण तुमचं हिमोग्लोबिन बघता तपास अर्धवट सोडू नका.

खानापूरची लेक
खरंच आभार. रिपोर्ट परत काढून बघितला, टोटल आयजीए केलेलीच नाही. डॉक्टरांना फोनवर विचारलं, ते म्हणाले जीन टेस्ट आधी करू, चालेल. सोमवारी बेळगावला रक्त देऊन येते. जीन निघाले तर गणपती झाल्यावर चपाती सुरू करीन, मिस्टर म्हणाले तेवढे दिवस आईला बोलावून घेऊ. मुलाची पण करायची का?

शहापूरची आई
तुमचं पक्कं झालं तर हो, मुलाची, तुमच्या भावंडांची, आईवडिलांची पण. सख्ख्या नात्यात दहात एखाद्याला निघतं. पण तोवर मुलाचा गहू बंद करू नका, नाहीतर त्याचीही तुमच्यासारखीच अडचण होईल.

आणि तपास झाल्यावर कायमचा गहू सोडायची वेळ आली तर पहिल्यांदा हिंगाची डबी बघा. बांधणीच्या हिंगात मैदा नाहीतर गव्हाचं पीठ असतं. आमच्याकडं सगळं पाळून पण मुलाची टीटीजी उतरेना, आठ महिन्यांनी कळलं की रोजच्या आमटीतला हिंग होता.