'खंड' म्हणावं की 'कपटा'?

प्रश्न: दिवाळी अंकासाठी एक लेख लिहितेय, मानी नावाच्या संदेष्ट्यावर. जन्म इ.स. 216, बॅबिलोनिया, आणि त्याच्या धर्माची सिरियाक (अरामीचं एक रूप) भाषेतली जी हस्तलिखितं सापडली ती सगळी फाटकीतुटकी. इंग्लिशमध्ये फ्रॅगमेंट म्हणून मोकळे होतात. मी 'खंड' लिहिलं तर संपादक विचारतात किती खंड आहेत, पहिला कुठे मिळेल 😅 आता काय लिहू?

प्रतिसाद: खंड नकोच ताई, मराठीत खंड म्हटलं की ज्ञानकोशाचे जाडजूड खंडच डोळ्यासमोर येतात. सरळ तुकडा म्हणा की. आणि 'मानी' तेवढं अवतरणात टाका, नाहीतर 'मानीचे ग्रंथ' वाचून लोकांना कोणीतरी ताठ कण्याचा मानी माणूस वाटेल.

प्रतिसाद: मानीवरून आठवलं, त्याच्या नावावर खुद्द सिरियाकमध्येच कोटी झालेली आहे. 'माना' म्हणजे भांडं किंवा वस्त्र, आणि चौथ्या शतकातला एफ्रेम नावाचा ख्रिस्ती कवी त्यावरून म्हणतो की हे असलं वस्त्र आहे की जो घालेल त्याचाच नाश. ग्रीक विरोधक तर त्याहून पुढे गेले, त्यांनी नावाचा संबंध थेट 'वेडा' या शब्दाशी लावला. अनुयायी मात्र म्हणायचे 'मानी हय्या', म्हणजे जिवंत मानी, त्यातूनच मॅनिकियन (म्हणजे मानीपंथीय) शब्द आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. बाकी 'सिरियाक'ला 'सिरियन' करू नका, लोक आजच्या सिरियात जाऊन पोचतात. केरळमध्ये सुरियानी म्हणतात ती हीच भाषा, तिथल्या चर्चमध्ये अजून कानावर पडते.

प्रतिसाद: मी 'कपटा' सुचवेन. कागदाचा कपटा म्हणतो ना आपण, तसाच पपायरसचा, म्हणजे इजिप्तच्या लव्हाळ्याच्या कागदाचा, कपटा. ऑक्सिरिंकसला (इजिप्त) ग्रेनफेल आणि हंट या इंग्रज संशोधकांनी जे खणलं ते गावाचे उकिरडेच होते, शेकडो वर्षांचा कचरा, कोरड्या वाळूमुळे टिकलेला, आणि त्यातच हे सिरियाक कपटे. मार्गोलियथ या अभ्यासकाने ते 1915 साली छापले, मग बर्किट या दुसऱ्या अभ्यासकाने 1925 च्या आपल्या पुस्तकात त्यांना परिशिष्टात जागा दिली. गंमत अशी की भाषा सिरियाक पण लिपी मानीपंथीयांची स्वतःची, तीच लिपी जी मध्य आशियात तुर्फानला मिळालेल्या पानांवर म्युलर या जर्मन अभ्यासकाने 1904 मध्ये वाचली होती, फक्त तिथल्या पानांची भाषा पार्थियन, सोग्दियन, मध्य पर्शियन वगैरे. म्हणजे एकच लिपी नाईलकाठीपण आणि चीनच्या वाटेवरपण!

प्रतिसाद: कपटा ऐकून रद्दी वाटते पण. धर्मग्रंथाला कपटा?

प्रतिसाद: अहो उकिरड्यातच सापडलाय तो, आता काय मखरात बसवणार 😀 पण मुद्दा खरा आहे, म्हणून मी दोन शब्द वेगळे ठेवते. हातात येतो तो कपटा आणि त्यावर उरलेला मजकूर तो 'त्रुटित'. आपल्याकडे पोथ्यांच्या बाबतीत 'त्रुटित प्रत' म्हणतातच की. आणि ते वेगळं ठेवायला लागतंच, कारण या कपट्यांवर सलग वाक्य मुश्किलीने सापडतं, कुठे चार शब्द, कुठे ओळीची नुसती शेपटी, त्यावरून हे पान मानीच्या स्वतःच्या ग्रंथातलं की नंतर कोणी लिहिलेलं हे छातीठोक सांगता येत नाही. मानीने एक पुस्तक सोडून बाकी सिरियाकमध्येच लिहिलं, म्हणून या चार शब्दांची एवढी किंमत. पेडरसन आणि लार्सन या अभ्यासकांनी 2013 मध्ये सगळे सिरियाक मजकूर एकत्र छापले, त्यात लाकडी पाट्यापण आहेत.

प्रश्नकर्ती: पाट्या? त्यांना कपटा कसं म्हणणार?

प्रतिसाद: नाहीच म्हणायचं, पाटीला पाटी. इजिप्तमध्ये 'दाखला' नावाच्या मरूद्यानात केलिस नावाचं गाव होतं, तिथल्या. सिरियाक शब्द आणि समोर कॉप्टिक (तेव्हाची इजिप्तची भाषा) अर्थ, चौथ्या शतकातली शब्दयादी. म्हणजे तिथेही कोणीतरी तुमच्यासारखंच बसलं होतं, या शब्दाला आपल्या भाषेत काय म्हणायचं म्हणून डोकं खाजवत.

प्रश्नकर्ती: बरं, मग कपटा, त्रुटित आणि पाटी. संपादकांना कळवते, खंड रद्द 🙏