मदत हवी आहे: फॉग लॅम्प बंद असूनही दोन दिवसांत बाइकची बॅटरी उतरते, चावीवरचा करंट कोणत्या वायरीतून घ्यावा?

कुंभार्लीचा प्रवासी

नमस्कार. मला आज-उद्यात उत्तर हवे आहे, कारण शुक्रवारी संध्याकाळी कराडहून चिपळूणला निघायचे आहे आणि या दिवसांत कुंभार्ली घाटात जे धुके उतरते त्यात फॉग लॅम्पशिवाय जाण्याची माझी हिंमत नाही. गेल्या महिन्यात दोन लॅम्प बसवून घेतले. तेव्हापासून गाडी दोन दिवस उभी राहिली की तिसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारल्यावर नुसता टकटक आवाज येतो. असे तीन वेळा झाले. दोनदा ढकलून गाडी चालू झाली, तिसऱ्यांदा शेजाऱ्यांच्या गाडीची बॅटरी जोडावी लागली. लॅम्प मी स्वतः बटणाने बंद करतो, त्याविषयी शंका नको. रिलेही (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवलेला आहे. मला एवढेच सांगा की सीटखालच्या वायरींपैकी चावी ऑन केल्यावरच करंट येणारी वायर कोणत्या रंगाची असते. लॅम्पची लाल वायर बॅटरीवरून काढून मी तिथे जोडून टाकतो.

तांब्याची तार

गाडी कोणती, कोणत्या वर्षाची, बॅटरी किती अँपिअर-तासांची आणि लॅम्प किती वॅटचे, यातले काहीच तुम्ही लिहिलेले नाही. वायरींचे रंग कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलतात, त्यामुळे गाडी न पाहता रंग सांगणे मला योग्य वाटत नाही. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की लॅम्प खरोखर बंद असतील तर बॅटरी कोण उतरवते? ते शोधल्याशिवाय लाल वायर दुसरीकडे जोडली तर दोष तसाच राहील आणि त्यात नवा दोष जमा होईल. हँडलवरचे बटण रिलेच्या आधी आहे की रिले आणि लॅम्प यांच्यामध्ये आहे, हे कृपया पाहून सांगा.

सह्यभ्रमंती

मी चार वर्षे फॉग लॅम्प वापरतो आहे. माझ्या गाडीतली मूळ बॅटरी काढून मी तिच्या जागी लिथियमची बॅटरी बसवली आणि त्यानंतर सेल्फची एकदाही तक्रार आली नाही. वजनही जवळजवळ निम्म्याहून कमी झाले. पैसे थोडे जास्त जातात, पण कायमची चिंता मिटते, म्हणून माझा सल्ला बॅटरी बदलण्याचाच आहे.

जुना वायरमन

सांगलीत तीस वर्षे गाड्यांचे वायरिंग केले, म्हणून अधिकाराने लिहितो. बॅटरी बदलू नका. बादलीला भोक असताना मोठी बादली आणून उपयोग नसतो. दुसरे असे की एलईडी लॅम्पला रिले लागतच नाही. पूर्वी ५५ वॅटचे हॅलोजन असत, दोन बल्ब मिळून नऊ-दहा अँपिअर ओढत आणि बटणाचे कॉन्टॅक्ट जळून जात, म्हणून आम्ही रिले घालत होतो. आजचे एलईडी त्या मानाने फार कमी करंट घेतात. इग्निशन स्विचच्या, म्हणजे चावीच्या, पुढची वायर पकडा, एक फ्यूज घाला, बटण घाला आणि लॅम्प जोडा.

तांब्याची तार

वायरमनकाका, हॅलोजनचा हिशेब तुमचा अगदी बरोबर आहे, पण इग्निशनच्या वायरीवर लॅम्पचा भार टाकण्याला माझा विरोध आहे आणि त्याचे कारण करंटच्या आकड्यापलीकडचे आहे. हल्लीच्या इंजेक्शनच्या (पेट्रोल इलेक्ट्रॉनिक पद्धतीने फवारणाऱ्या) गाड्यांत त्याच वायरीवर इंजिनचा कंट्रोलर आणि पेट्रोलचा पंप अवलंबून असतात. लॅम्पची वायर हँडल वळताना चासीला घासली, तिचे आवरण फाटले आणि चावीच्या वायरीचा मूळ फ्यूज उडाला, तर घाटाच्या वळणावर दिव्यांबरोबर इंजिनही बंद पडेल. लॅम्पचा भार बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूजमधून घेतला आणि चावीच्या वायरीवर फक्त रिलेच्या कॉइलचा (रिले ओढणाऱ्या तारेच्या गुंडाळीचा) भार ठेवला, तर बिघाड लॅम्पपुरताच राहतो.

जुना वायरमन

ताई, मधे वेगळा लहान फ्यूज घातला तर तो आधी उडेल, मूळ फ्यूज नाही.

तांब्याची तार

जोड जिथे दिला तिथेच लगेच फ्यूज असेल तर आधी तोच उडेल, हे मला मान्य आहे. प्रत्यक्षात तो फ्यूज लॅम्पजवळ, पुढच्या फोर्कपाशी बसवलेला मी अनेकदा पाहिला आहे, आणि मग जोडापासून फ्यूजपर्यंतची सगळी वायर फ्यूजच्या संरक्षणाशिवाय राहते.

डोंबिवलीकर

मी माझ्या कारमध्ये डॅशकॅम (समोरचा रस्ता टिपणारा कॅमेरा) असाच चावीवर जोडला, त्यामुळे माझा अनुभव उपयोगी पडेल. फ्यूज टॅप नावाची छोटी वस्तू मिळते. फ्यूज बॉक्समधला एक फ्यूज काढून त्या जागी ती खोचायची, मूळ फ्यूज तिच्या एका खाचेत आणि नवा फ्यूज दुसऱ्या खाचेत बसतो, त्यामुळे मूळ वायर कापावी लागत नाही. सिगारेट लायटरचा फ्यूज मला सोयीचा वाटला. मात्र एअरबॅग आणि एबीएस यांच्या फ्यूजला हात लावू नये. पार्किंग मोड (गाडी उभी असतानाही कॅमेरा चालू) हवा असेल तर कायम करंटची वायरही लागते, आणि बॅटरी ठरावीक व्होल्टेजच्या खाली गेली की कॅमेरा आपोआप बंद करणारे किटच घ्यावे.

कुंभार्लीचा प्रवासी

डोंबिवलीकर, माझ्याकडे कार नाही आणि मला डॅशकॅमही बसवायचा नाही. गाडी ३५० सीसी आहे, २०२१ ची, बॅटरी आठ अँपिअर-तासांची. लॅम्पच्या खोक्यावर प्रत्येकी ४० वॅट लिहिले आहे. बटणाची वायर कुठे जाते ते टाकी उघडल्याशिवाय दिसत नाही. रंग सांगता येत असेल तर सांगा, कारण वेळ थोडा आहे.

नियम आणि कायदा

एक मुद्दा कुणीच मांडलेला नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. शिवाय मूळ हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) कापला तर विद्युत भागांची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. समोरच्या वाहनचालकाचे डोळे दिपवणारे लॅम्प लावून घाटात जाणे हा वेगळाच प्रश्न आहे.

तांब्याची तार

वॉरंटीचा मुद्दा रास्त आहे, आणि म्हणूनच मूळ वायर न कापता मल्टिमीटरने (करंट आणि व्होल्ट मोजणाऱ्या यंत्राने) शोधून जोड द्यावा. प्रवासीसाहेब, टाकी उघडण्याआधी दोन गोष्टी सांगा. लॅम्प अर्धा तास लावल्यावर हँडलवरचे बटण गरम लागते का? आणि लॅम्पखेरीज बॅटरीवर आणखी काय जोडलेले आहे?

कुंभार्लीचा प्रवासी

बटण गरम लागते, हातमोजा काढून बोट ठेवले की जाणवते. ते स्वस्तातले असल्यामुळे असेल असे मी समजत होतो. लॅम्पबरोबर मोबाइल चार्जरही बसवला आहे, त्यात व्होल्ट दाखवणारा निळा आकडा आहे. चार्जर थेट बॅटरीवर आहे, पण त्यात मोबाइल नसतो, म्हणून त्याचा उल्लेख केला नाही.

जुना वायरमन

बटण गरम होते म्हणजे लॅम्पचा सगळा करंट बटणातून जातो आहे, आणि रिले असून नसल्यासारखा आहे. आता माझे एक ऐका. आज रात्री चावी काढून गाडी उभी करा आणि सकाळी चहा घेण्याआधी सीट उघडून रिलेला बोट लावा. रात्रभर बंद असलेल्या गाडीतला रिले थंडगार लागला पाहिजे.

कुंभार्लीचा प्रवासी

वायरमनकाका, सकाळी सहा वाजता पाहिले. सीटखाली सगळे ओलसर आणि थंड होते, बॅटरीचा पत्रासुद्धा गार होता, आणि रिलेचे काळे झाकण मात्र ताज्या भाकरीच्या कडेसारखे कोमट लागले. चावी माझ्या खिशात होती. रिले सॉकेटमधून उपटला तेव्हा टक असा आवाज आला, परत बसवला तेव्हा पुन्हा टक असा आवाज आला, आणि या सगळ्या वेळात लॅम्प बंदच होते.

जुना वायरमन

चोर सापडला. तुमच्या कारागिराने रिलेची कॉइल थेट बॅटरीच्या दोन टोकांना जोडली आहे आणि बटण रिलेच्या ८७ नंबरच्या पिनेपुढे, लॅम्पकडे जाणाऱ्या वायरीत घातले आहे. त्यामुळे बटण बंद केले की लॅम्प विझतात, पण रिले दिवसरात्र ओढलेलाच राहतो.

तांब्याची तार

काकांचे निदान मला पूर्ण पटते, तरी आकड्याने खात्री करून घ्या, म्हणजे चार्जरचा वाटाही कळेल. चावी बंद ठेवून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि ती वायर व बॅटरीचे टोक यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. मीटरची लाल वायर दहा अँपिअरच्या खाचेत असली पाहिजे. मीटर मध्ये असताना चावी फिरवू नका आणि सेल्फला तर अजिबात हात लावू नका, कारण स्टार्टर मोटर मीटरच्या क्षमतेच्या कितीतरी पट करंट ओढते आणि मीटर जळतो.

कुंभार्लीचा प्रवासी

ऑफिसमधून मीटर आणून दुपारी मोजले. सुरुवातीला ०.१७ अँपिअर. रिले उपटल्यावर ०.०२. चार्जरचा सॉकेट सोडवल्यावर ०.००. म्हणजे एकट्या रिलेने ०.१५ घेतले. ०.१७ ला ४८ तासांनी गुणले तर आठ अँपिअर-तासांच्या थोडे वरच येते आणि माझी बॅटरी बरोबर आठची आहे. तिसऱ्या दिवशीच सेल्फ का हरतो, ते आता समजले. लॅम्प चालू करून त्यांचाही करंट मोजला, दोन्ही मिळून ३.२ अँपिअर भरला. त्याला बॅटरीच्या बारा व्होल्टने गुणले तर, खोक्यावर ४० वॅट प्रत्येकी लिहिले असले तरी, दोन मिळूनच जेमतेम ४० होतात.

सह्यभ्रमंती

तरीही लिथियमची बॅटरी घेतली असती तर आणखी दोन दिवस सहज निघाले असते.

तांब्याची तार

दिवस वाढले असते तरी गळती तशीच राहून शेवटी महागडी बॅटरी पूर्ण उतरून खराब झाली असती.

प्रवासीसाहेब, आता जोडणी सांगते. प्रथम बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, म्हणजे पॉझिटिव्हच्या नटाला लावलेला पाना चासीला टेकला तरी ठिणगी उडणार नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघालेली वायर एका वितीच्या आत फ्यूजमध्ये गेली पाहिजे आणि तिथून रिलेच्या ३० नंबरला. तुमच्या किटमध्ये बहुधा २० चा फ्यूज असेल, तो काढून १० चा घाला, कारण फ्यूज लॅम्पसाठी नसून वायर तापून पेटू नये यासाठी असतो आणि किटमधली वायर बारीक असते. ८७ वरून वायर सरळ लॅम्पला न्या, मध्ये बटण नको. ८५, म्हणजे कॉइलचे एक टोक, चासीच्या स्वच्छ, रंग खरवडलेल्या बोल्टवर अर्थ करा, म्हणजे निगेटिव्हला जोडा. उरला ८६, कॉइलचे दुसरे टोक, आणि तुमचा मूळ प्रश्न याच वायरीचा आहे: चावीवरचा करंट आधी हँडलच्या बटणात न्या आणि बटणातून ८६ वर आणा. काही रिलेंच्या आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो, त्यात ८६ ला पॉझिटिव्ह आणि ८५ ला निगेटिव्ह हाच क्रम लागतो, म्हणून तो सर्वच रिलेंसाठी पाळावा.

हा करंट सीटखाली मागच्या दिव्याच्या कनेक्टरमधून घेणे मला सर्वांत सोयीचे वाटते. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींत इंजिन चालू असताना हेडलाइट कायम पेटलेला असतो आणि त्याबरोबर मागचा दिवाही. मीटर २० व्होल्टवर ठेवून काळी सळई चासीला आणि लाल सळई कनेक्टरच्या एकेका पिनेला मागच्या बाजूने लावा. गाडी चालू केल्यावर बारा-चौदा व्होल्ट आणि चावी बंद करताच शून्य, ही तुमची वायर. ब्रेक दाबल्यावरच करंट येणारी वायर ब्रेकलाइटची आणि लुकलुकणारी वायर इंडिकेटरची, त्या दोन्ही सोडून द्या.

जुना वायरमन

यात माझी भर दोनच गोष्टींची. हॉर्नपाशी काम करणे सोपे वाटले तर बहुतेक गाड्यांत हॉर्नच्या एका टोकाला चावी ऑन असेपर्यंत कायम करंट असतो आणि बटण दाबले की दुसरे टोक अर्थ होते. नुसत्या कॉइलच्या ०.१५ अँपिअरसाठी तीही वायर चालते. दुसरे, टेस्ट लॅम्पच्या सुईने वायरीचे आवरण टोचू नका. कोकणातल्या पावसाचे पाणी त्या भोकातून आत शिरते आणि दोन वर्षांत आतले तांबे हिरवे पडून वायर वरून शाबूत, आतून तुटलेली अशी होते. अशा वायरी शोधण्यात माझे अनेक दिवस गेले आहेत. आणि ताई, फ्यूज बॅटरीपाशीच हवा, हे तुमचे म्हणणे मी मान्य करतो.

कुंभार्लीचा प्रवासी

चार्जरचे काय करू? तोही ८७ वर जोडला तर चालेल का?

तांब्याची तार

चालेल, पण मग लॅम्प बंद असताना मोबाइल चार्ज होणार नाही. चार्जरसाठी दुसरा छोटा रिले घ्या. त्याची कॉइल मागच्या दिव्याच्या त्याच वायरीवर, मध्ये बटण न घालता जोडा, आणि त्याच्या ३० ला तीन अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज द्या. शुक्रवारपर्यंत जमले नाही तर चार्जरचा सॉकेट सोडवून ठेवा.

कुंभार्लीचा प्रवासी

रविवार, चिपळूण. गुरुवारी रात्री खोलीवरच्या मित्राने टॉर्च धरला आणि तीन तासांत लॅम्पची जोडणी बदलून झाली. मागच्या दिव्याची वायर सहा पिनांपैकी चौथ्या पिनेवर सापडली. जुनी जोडणी सोडवताना बटणाच्या मागचे प्लास्टिक एका बाजूला वितळून पिवळे पडलेले दिसले, म्हणून बटणही नवे घातले. आता चावी बंद केल्यावर मीटर ०.०० दाखवतो. शुक्रवारी घाटाच्या माथ्यावर दहा फुटांपलीकडचे दिसत नव्हते, लॅम्प तासभर लावले आणि बटण थंड राहिले. गाडी शुक्रवारी रात्रीपासून अंगणात उभी होती, आज सकाळी पहिल्या सेल्फला चालू झाली. चार्जर अजून सोडवलेलाच आहे, दुसरा रिले सोमवारी कराडला घेईन. ताई आणि काका, तुमचे मनापासून आभार.

जुना वायरमन

रिले घेताना रबरी बूट असलेला सॉकेट मागा, आणि बसवताना त्याच्या वायरी खालच्या बाजूने बाहेर येतील असा धरा, म्हणजे पाणी आत न उतरता वायरींवरून खाली गळून जाईल.