चुकून भलत्याच खात्यात ४६,००० रुपये गेले, परत कसे मिळवायचे?

नमस्कार मंडळी. सोमवारी माझ्या हातून मोठा घोळ झालाय. चार दिवस झाले, डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे विचारतेय.

आमचं गावचं घर संगमेश्वर तालुक्यात आहे. पावसाच्या आधी छपराचे वासे-रिपा बदलायचे म्हणून सुतारकाकांना लाकडासाठी ४६,००० रुपये पाठवायचे होते. काका युपीआय वगैरे वापरत नाहीत. त्यांनी वखारीच्या पावतीमागे सुतारी पेन्सिलीने खातेनंबर लिहिला आणि मुलाकरवी त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. नंबर मराठी आकड्यांत. आता गंमत बघा (मला अजिबात हसू येत नाहीये). त्या नंबरात शून्य, दोन आणि तीनच जास्त, आणि हे आकडे मराठीत काय नि इंग्रजीत काय, जवळजवळ सारखेच दिसतात. मधे दोन ठिकाणी '१' होता. ते मी इंग्रजी नऊ समजले.

नंबर दोनदा टाकावा लागतो तो टाकला, दोन्ही वेळा तोच चुकीचा. ॲपमध्ये 'नाव पडताळा' असं बटण होतं, घाईत तेही दाबलं नाही. आयएमपीएसने पाठवले, लगेच 'यशस्वी'. मनात हेच की नंबर चुकला तर नाव जुळणार नाही आणि पैसे आपोआप परत येतील. रात्री काकांचा फोन, "बाय, पैसे नाय आले अजून."

माझ्या बँकेच्या फोनवाल्यांनी तक्रार क्रमांक दिला. शाखेतल्या बाईंनी सांगितलं, जमा करताना नाव बघत नाहीत, फक्त नंबर बघतात, आम्ही समोरच्या बँकेला मेल टाकतो. समोरची बँक म्हणजे तालुक्याच्या गावातली एक सहकारी बँक. ते फोनवर खातेदाराचं नाव सांगत नाहीत, म्हणे गोपनीयता.

१) बँक ते पैसे परस्पर काढून मला देऊ शकते का?
२) ज्याचं नावच माहीत नाही त्याला नोटीस कशी पाठवायची?
३) मैत्रीण म्हणते १९३० वर तक्रार टाक. टाकू का?

काकांना काल दुसऱ्यांदा पैसे पाठवले. या वेळी पासबुकाचा फोटो मागवला, आधी १ रुपया पाठवला, त्यांनी आला म्हटल्यावर बाकीचे. त्यांना माझ्या चुकीपायी कशाला ताटकळत ठेवायचं?

खडूफळा: १९३० अजिबात नको! ती ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे. तुम्हाला कोणी फसवलेलं नाही. खोटी तक्रार टाकलीत तर त्या बिचाऱ्याचं खातं गोठेल आणि तुम्हीच गोत्यात याल.

निवृत्त_कॅशियर: ताई, ३२ वर्षं काउंटरवर बसलोय. खातेदाराच्या संमतीशिवाय बँक त्याच्या खात्यातून पैसे काढून तुम्हाला देत नाही. उद्या तुमच्या खात्यातून असे कोणी काढले तर चालेल का? पण बँक त्याला बोलावू शकते, समजावू शकते आणि तो हो म्हणेपर्यंत रकमेवर होल्ड लावायची विनंती तुमची बँक करू शकते. तक्रार क्रमांकावर विसंबू नका. शाखेत लेखी अर्ज द्या: तारीख, वेळ, रक्कम, १२ आकडी आरआरएन (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक), चुकीचा नंबर, बरोबर नंबर. सोबत त्या पावतीच्या फोटोची प्रत जोडा, चूक कशी झाली ते बघताक्षणी कळतं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्याच. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. पण खरं सांगतो, लोकपाल बँकेची हयगय बघतो. आकडा तुम्ही चुकवलात, तो काही बँकेच्या माथी मारता येणार नाही.

आणि ते नावाचं बटण. एनईएफटी, आरटीजीएस या पैसे पाठवायच्या दुसऱ्या पद्धतींना नाव दाखवायची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्या असं रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सांगितलं होतं. फुकट आहे हो, दाबत जा.

काळा_कोट: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. नाव नसलं तरी अडत नाही, नोटीस शाखेच्या पत्त्यावर 'अमुक नंबरच्या खात्याचे धारक' म्हणून शाखाधिकाऱ्यामार्फत पाठवा. करार कायदा १८७२, कलम ७२: चुकून मिळालेले पैसे परत करावेच लागतात. तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा लावता येतो. कळूनही अप्रामाणिकपणे पैसे वापरले तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ आहे, पण ते पहिल्याच पत्रात नाचवू नका, माणूस बिथरतो. आधी तालुका विधी सेवा समितीत जा, दावापूर्व लोकअदालतीत विषय ठेवता येतो. स्त्रियांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हे कित्येकींना ठाऊकच नसतं.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. लेखी अर्ज दिला, पोच घेतली. आणि आज त्या शाखेतून फोन आला! खातेदार सापडले. साठीच्या पुढचे गृहस्थ आहेत. साहेबांनी त्यांना शाखेतच बोलावून माझ्याशी बोलायला दिलं. ते म्हणाले, "ताई, मला वाटलं सरकारचे आले." परत द्यायला एका शब्दात तयार.

पण पैसे खात्यात नाहीत. त्यांचं कर्ज थकलेलं होतं. पैसे जमा झाल्या रात्रीच बँकेच्या संगणकाने ३१,२०० रुपये कर्जाकडे वळते केले. उरलेले १४,८०० आहेत, ते आजच देतो म्हणाले, बाकीचे काजूचे पैसे आले की. आवाज इतका ओशाळलेला होता की मलाच कानकोंडं झालं. यात त्यांची काय चूक?

निवृत्त_कॅशियर: १४,८०० लगेच घ्या. बाकीच्यासाठी त्यांच्या मागे लागू नका, बँकेच्या मागे लागा. त्यांच्याकडून साध्या कागदावर लिहून घ्या: 'ही रक्कम माझी नाही, चुकून जमा झाली, कर्जात वळती केलेली नोंद उलटवून रक्कम पाठवणाऱ्यास परत करावी.' दोन साक्षीदार. शाखाधिकाऱ्याला वरून मंजुरी घ्यावी लागेल, तो आढेवेढे घेईल. वसुलीचा आकडा कमी झालेला कुणाला आवडतो! उलटी नोंद मूळ तारखेने पडली पाहिजे, म्हणजे त्या गृहस्थांच्या कर्जाचा हिशेब तुमचे पैसे आलेच नव्हते असा राहील.

काळा_कोट: बरोबर. आणि बँकेने नाही म्हटलं तर तेही लेखीच मागा. त्यांचं कर्ज तुमच्या पैशाने ३१,२०० ने उतरलंय, म्हणजे त्यांना लाभ झालाय. खात्यात शिल्लक नाही म्हणून देणं संपत नाही. पण दावा त्यांच्यावर लावायची वेळ येऊ नये असं वाटतं.

धागाकर्ती: मलाही. शनिवारी सकाळी दिव्याहून सावंतवाडी गाडीने निघतेय, घरी राहून सोमवारी शाखा उघडताच तिथे असेन. ते गृहस्थही येतो म्हणालेत. संमतीपत्र मराठीतच लिहिलंय. कर्जात गेलेली रक्कम अशी उलटवून घेतल्याचा अनुभव कोणाला असेल तर रविवार रात्रीपर्यंत नक्की लिहा. नेमकी मंजुरी कोणाची लागते, मुख्य कार्यालयाची की शाखाधिकारीच करू शकतो?