ऐसपैस पलंगाला धातूचा हेडबोर्ड: तुमचे अनुभव सांगा

आमच्याकडे ८ बाय साडेसहा फुटांचा पलंग आहे. दोन मुलं, दोघंही आमच्यातच झोपणारी, म्हणून सुताराकडून ४ फुटी दोन बॉक्स बेड एकाच उंचीचे करून घेतले आणि शेजारी शेजारी लावले. उशाकडची बाजू तेव्हा मुद्दाम मोकळी सोडली होती. आता उशा फटीतून खाली जातात, भिंतीवर तेलकट डाग पडलेत आणि चष्मा हरवला की तो पलंगामागेच सापडतो. प्लायचा ८ फुटी हेडबोर्ड खोलीला फार जड वाटेल, म्हणून धातूचा, आरपार दिसणारा हवाय. दुकानांत ७२ इंचांच्या पुढे काही दाखवत नाहीत.

ज्यांनी करून घेतलाय किंवा विकत आणलाय त्यांनी सविस्तर लिहा. माप, पाइप, रंग, आवाज, पलंगाला जोडलाय की भिंतीला, सगळं. नुसतं 'मस्त आहे' नको.

ठाणे

एक आधीच सांगते, आरपार हेडबोर्डनं डाग थांबत नाहीत. डोकं सळ्यांना टेकतं, पण केस पलीकडे जायचे ते जातातच. आम्ही सळ्यांना बंदांनी बांधायच्या पातळ गाद्या शिवून घेतल्या, जाड सुती खोळीच्या. खोळी धुता येतात आणि सळ्या पाठीला टोचत नाहीत. मग हेडबोर्ड आरपार कुठे राहिला, असं नवरा विचारतो. बरोबर विचारतो. पण गाद्या सोडल्या की झाडायला-पुसायला तो मोकळा होतो, हे प्लायच्या बाबतीत होत नाही.

आणि गादीची जाडी विसरू नका. आमची गादी १० इंची आहे. हेडबोर्डची खालची नक्षी, जिचे वेगळे पैसे दिले, ती अख्खी गादीमागे गेली. जमिनीपासून गादीच्या वरच्या कडेपर्यंत मोजा आणि त्याच्या वर निदान २० ते २४ इंच राहतील असं बघा. टेकून वाचायचं असेल तर त्याहून कमी चालत नाही.

कोल्हापूर

माझं फॅब्रिकेशनचं काम आहे. गेट आणि ग्रिल जास्त, पण पलंगाची कामंही येतात. गिऱ्हाईक आल्या आल्या मोबाईलवर डिझाइन दाखवतंय आणि पाइपचं सगळ्यात शेवटी विचारतंय. तुम्ही उलट करा.

८ फूट रुंदी असेल तर बाहेरची चौकट ४० बाय ४० च्या चौकोनी पाइपची, २ मिलिमीटर जाडीची घ्या. मीटरला साधारण २.४ किलो बसतो. आत १२ मिलिमीटरच्या सळ्या, मीटरला पाऊण किलोच्या वरच, ०.८९. चार फूट उंची धरली तर सगळा सांगाडा ३० ते ३५ किलोंवर जातो. त्याला दोन पाय पुरत नाहीत, मधोमध तिसरा पाय द्यायचा. कमी पैशात करणारे १८ गेजचा पाइप लावतात. गेजचा आकडा वाढला की पाइप पातळ होतो, बऱ्याच लोकांना हे उलटं वाटतं. पाच-सहा फुटांच्या पलंगाला पातळ पाइप चालून जातो. आठ फुटांवर माणूस मधोमध टेकला की थरथर कळते.

दुसरं म्हणजे बाक. सळ्या एका टोकापासून ओळीनं वेल्ड करत गेलं की उष्णतेनं लांब पाइप ओढला जातो आणि चौकट वाकते. आधी सगळीकडं नुसते टाके मारायचे, मग एक सळी इकडची, एक तिकडची असं पुरं करायचं. घाईतलं काम ओळखायचं असेल तर वरच्या पाइपला दोरी ताणून लावा, लगेच दिसतं.

तुमचा पलंग दोन तुकड्यांत आहे ना? मग हेडबोर्डही दोन तुकड्यांत करा. पाइपच्या आत सरकणारा दुसरा पाइप, त्याला एलन बोल्ट, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच असलेला. हे फक्त लिफ्टसाठी सांगत नाही. पावडर कोटिंग, म्हणजे कोरड्या पुडीचा रंग, भट्टीत १८० ते २०० अंशांना भाजतात, आणि गल्लीतल्या प्रत्येक कोटिंगवाल्याची भट्टी ८ फुटी वस्तू घेईलच असं नाही. लोक सांगाडा तयार करून घेतात, मग भट्टीत मावेना म्हणून शेवटी स्प्रेचा रंग मारतात. दिसायला सारखंच दिसतं, टिकायला नाही.

कोटिंगवाल्याला दोनच प्रश्न विचारा. तेल-गंज धुऊन फॉस्फेटिंग, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून फॉस्फेटचा थर, करता का? आणि बोल्टची भोकं आधी पाडून आणू की नंतर? 'नंतर पाडा, काय होत नाही' म्हणाला तर दुसरा बघा.

मालवण

वरच्या भोकांच्या मुद्द्यावर अगदी सही. आमच्या घरापासून किनारा चालत जायच्या अंतरावर. तयार आणलेल्या लोखंडी हेडबोर्डला बोल्टच्या भोकांतूनच गंज सुटला आणि रंगाखालून पसरत गेला. वरून काळा चकचकीत, बोटानं दाबलं की पापुद्रा.

आता स्टेनलेस स्टीलचा आहे. दुकानदार चुंबक लावून 'बघा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल' म्हणतात. त्यानं काही सिद्ध होत नाही. २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही आणि ३०४ लाही नाही. फरक आतल्या निकेलचा आहे. ३०४ मध्ये ते ८ टक्क्यांच्या वर असतं, २०२ मध्ये बरंच कमी, त्याची कसर मँगनीजनं भरलेली. कोरड्या हवेत २०२ वर्षानुवर्षं टिकेल, आमच्या हवेत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. लिहायला का-कू केली तर समजून जा. ३१६ पण असतं, त्यात मॉलिब्डेनम २ ते ३ टक्के असतं म्हणून खाऱ्या हवेत जास्त टिकतं. पण झोपायच्या खोलीसाठी तेवढा खर्च मला पटला नाही.

३०४ वरही कधीकधी चहाच्या रंगाचे ठिपके येतात. गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं पुसायचे. भांड्यांची तारेची घासणी लावायची नाही, लोखंडाचे कण त्यात अडकून तिथेच गंज धरतो.

न्यू जर्सी

इथे प्रश्न वेगळा येतो. इथला किंग ७६ बाय ८० इंच, आणि कॅलिफोर्निया किंग ७२ बाय ८४, म्हणजे लांबीला जास्त, रुंदीला कमी. नाव मोठं असलं तरी हेडबोर्डसाठी तो अरुंद पलंग आहे. बरेचसे धातूचे हेडबोर्ड दोन्हींसाठी म्हणून विकतात, पायांना लांबट खाचा असतात आणि त्यात बोल्ट सरकवून फ्रेमच्या पट्टीशी जुळवायचा. ७२ वाल्याला मग दोन्ही बाजूंना हेडबोर्ड थोडा बाहेर येतो. मला चालला, बायकोला नाही, परत पाठवला.

तुमच्यासारखा जोडपलंग इथेही करतात. ३८ बाय ८० चे दोन ट्विन एक्स्ट्रा लाँग शेजारी ठेवले की बरोबर किंग होतो. पण त्यातला एक उशाकडून वर उचलणारा, मोटरवाला असेल तर हेडबोर्ड आणि गादी यांच्यात जागा सोडावी लागते, नाहीतर गादी दर वेळी सळ्यांना घासते. सासरे आले की हा पलंग वापरतात, त्यांच्या पाठीला त्याचा उपयोग होतो, म्हणून एवढं लिहिलं.

नागपूर

डिसेंबर-जानेवारीत पाठ टेकवत नाही. उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट हेडबोर्डवर येत असेल तर तिथेही ओल धरते. गंज फक्त कोकणातच लागतो असं समजू नये. बाकी तक्रार नाही.

गिरगाव, मुंबई

मला पितळीच हवा होता. चोरबाजारात मटन स्ट्रीटवर जुने पलंग येतात, तिथे चकरा मारल्या. अडचण अशी की जुने विलायती घाटाचे पलंग बहुतेक साडेचार फुटी, फार तर पाच. सहा फुटी पितळी हेडबोर्ड मागितला की दुकानदार हसतात. शेवटी तिथल्याच एका म्हाताऱ्या चाचांनी सुचवलं, तीन फुटी दोन सिंगल घ्या. एकाच नक्षीचे दोन मिळणं हाच सगळा खेळ. मिळाले. मधले दोन खांब एकमेकांना पितळी कड्यांनी बांधले आणि खाली दोघांना मिळून लोखंडाची एक आडवी पट्टी दिली. मधे दोन खांब शेजारी शेजारी दिसतात, पण ते मुद्दाम केल्यासारखं वाटतं.

चुंबक इथे मात्र कामाचं. सरळ दांड्यांना चिकटलं, गोळ्यांना आणि वळणांना नाही. म्हणजे दांडे लोखंडी, वरून पितळी पत्र्याची नळी. हे वाईट नसतं, उलट ताकद त्यामुळेच येते, फक्त भाव अख्ख्या पितळाचा देऊ नका. पूर्ण पितळेचा एवढा रुंद हेडबोर्ड असता तर मला त्याच्या ताकदीची शंकाच आली असती. चिंच, लिंबू किंवा पितांबरी काहीही चालतं, पण वर लॅकर मारलेलं असेल तर काहीच चालत नाही. लॅकर जागोजागी उडतं आणि चट्टे पडतात. एकदा ते सगळं काढून टाका आणि घासत बसा, नाहीतर पितळ आपोआप काळवंडू द्या. मी दुसरं पत्करलं.

नाशिक

कुणी विजेबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहितो. मोठ्या पलंगाला दोन्ही बाजूंना दिवे, चार्जर, मुलांचं काहीतरी, सगळ्या वायरी हेडबोर्डमागून जातात. आमच्याकडे क्लिपवाल्या दिव्याची वायर हेडबोर्डचा पाय आणि भिंत यांच्यात दाबली गेली आणि तिचं आवरण कापलं गेलं. सुदैवानं घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच आहे, तो पडला. इलेक्ट्रिशियननं कारण सांगेपर्यंत आम्ही गीझरवर संशय घेत होतो. लाकडी हेडबोर्डमागे हे लक्षातही आलं नसतं, धातूच्या बाबतीत पूर्ण चौकटीत करंट उतरू शकतो. स्विचबोर्ड हेडबोर्डच्या बाहेर काढून घ्या, वायरी केसिंगमधून न्या, आणि तुमच्याकडे आरसीसीबी नसेल तर हेडबोर्डच्या आधी तो बसवा.

कसबा पेठ, पुणे

आमचं घर तांबट आळीच्या जवळ, त्यामुळे डोक्यात तांबं होतंच. लोखंडी चौकट आणि मधे मठारलेल्या तांब्याच्या पत्र्याच्या तीन चौकटी, असा केला. ठोक्यांचे गोल ठसे रात्रीच्या दिव्यात फार सुंदर दिसतात, यात माझा काही वाटा नाही, कारागिराचा हात आहे. एक तांत्रिक गोष्ट मात्र सांभाळा. तांबं आणि लोखंड थेट एकमेकांना टेकवून दमट हवेत ठेवलं की लोखंड लवकर गंजतं. मधे फेल्टची पट्टी दिली आणि स्क्रूंनाही नायलॉनचे वॉशर. शिवाय हा आरपार नाही, म्हणजे ठाण्याच्या ताईंचा तेलाच्या डागांचा प्रश्नही सुटतो. डाग तांब्यावर पडतात आणि तिथे ते शोभतात.

सोलापूर

भिंतीला लावायचा विचार कुणाचा असेल तर आधी भिंत कशाची ते बघा. नव्या इमारतींत हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंती असतात, काही जण सिपोरेक्स म्हणतात. त्यात विटांच्या भिंतीसारखा साधा फास्टनर धरत नाही, टेकून टेकून भोक मोठं होतं. अशा ब्लॉकसाठीचे लांब प्लग वेगळे मिळतात. ३५ किलोंचा सांगाडा नुसत्या भिंतीवर टांगू नये, वजन पायांवर असावं आणि भिंतीनं फक्त हलू द्यायचं नाही. तसंच पलंगाला जोडलेला हेडबोर्ड खालच्या स्कर्टिंगमुळे भिंतीपासून अर्धा इंच पुढे राहतो आणि त्या फटीत तो डुलतो. पायांच्या मागे रबरी बुच चिकटवा.

ठाणे

अजून एक, मुलं आहेत म्हणून. सळ्यांमधलं अंतर. अमेरिकेत पाळण्याच्या पट्ट्यांमध्ये सव्वादोन-अडीच इंचांहून जास्त फट चालत नाही, कारण बाळाचं अंग त्यातून घसरून डोकं अडकू शकतं. पलंग पाळणा नाही, पण मूल लहान असेल तर तेच माप धरा. चार इंच अंतर दिसायला छान असलं तरी धाकट्याची मान तिथे जाते, हे मी शेजारच्या घरात पाहिलंय. साबण लावून काढली.

धागा सुरू करणारी, पुणे

सगळ्यांचे आभार. आता असं ठरतंय: ४ फुटी दोन तुकडे, चार पाय, मधले दोन एकमेकांना बोल्टनं. ४० चा पाइप, २ मिलिमीटर. सळ्या अडीच इंचांच्या आत, म्हणजे वजन वाढणार. मधल्या भागात तांब्याऐवजी साधा लोखंडी पत्रा, तोही भोकांचा, बजेट तेवढंच आहे. भट्टीची लांबी विचारून झाली, साडेपाच फूट, म्हणजे ४ फुटी तुकडे मावतात. कोल्हापूरच्या दादांना एक प्रश्न: करकर आवाज कसा टाळायचा?

कोल्हापूर

लोखंडाला लोखंड लागतंय तिथं तिथं नायलॉनचा वॉशर, आणि नट नायलॉकचा घ्या, आत नायलॉनचं कडं असतंय, ढिला होत नाही. महिन्याभरानं एकदा सगळे बोल्ट परत आवळा, नवीन जोड थोडा बसतोच. आणि बोल्टची डोकी पलंगाच्या बाजूला ठेवू नका, भिंतीकडंही ठेवू नका. पायाच्या कडेनं, जिथं पलंग न सरकवता एलन की फिरेल अशी ठेवा. ४ फुटी दोन बॉक्स बेड, आत सामान भरलेलं, ते दर वेळी कोण ओढणार?