मदत हवी आहे : भाऊ जामिनावर सुटतोय, गर्दचं व्यसन आहे. पहिले दिवस कसे सांभाळू?

धाकटा भाऊ (वय २६) साडेचार महिने न्यायालयीन कोठडीत आहे. ब्राउन शुगरच्या (म्हणजे गर्दच्याच) पुड्या सापडल्या, वजन जेमतेम दोन ग्रॅम. एनडीपीएसचं (अमली पदार्थविरोधी कायद्याचं) कलम २१(अ), म्हणजे अल्प प्रमाणात बाळगणं, आणि २७, म्हणजे सेवन, लावलंय. जामीन दीड महिन्यापूर्वीच मंजूर झाला, पण जामीनदार उभा राहीना. शेवटी मामांनी सातबारा दिला. आता या आठवड्यात कधीही सुटेल.

आई खूश आहे. मुलाखतीला गेली तेव्हा त्याचं अंग भरलेलं दिसलं. "सुटलं गं त्याचं," म्हणाली. मला मात्र झोप नाही. गेल्या वर्षी आमच्याच गल्लीतला एक मुलगा असाच सहा महिने आत राहून आला आणि चौथ्या दिवशी गेला. लोक म्हणाले, जास्त घेतली. त्याचा मित्र मला म्हणाला, ताई, जास्त नाही, पूर्वी घ्यायचा तेवढीच घेतली होती. ते वाक्य डोक्यातून जात नाही.

आत उपचार असे झालेच नाहीत. पहिले आठ दिवस टर्की (नशा बंद झाल्याचा त्रास) लागली, उलट्या, जुलाब, रात्ररात्र पाय झाडणं. दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या, बस. त्यानंतर व्यसनाबद्दल कुणी विचारलंही नाही.

सुटल्या दिवशी त्याला थेट कुठे न्यावं? घरी काही झालंच तर मी काय करायचं? आणि उपचार घेतले तर केस रद्द होते असं ऐकलं, ते खरं का? कृपया "चांगलं समजावून सांगा" असं लिहू नका. आठ वर्षं समजावतेय.

प्रतिसाद : व्यसनमुक्ती केंद्रात नर्स आहे

ताई, तुमची भीती बरोबर आहे. काही महिने गर्द बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते, मनातला हिशोब मात्र जुनाच राहतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका इतरांच्या १२९ पट होता. तिथल्याच ऱ्होड आयलंड राज्याने २०१६ पासून तुरुंगातच व्यसनावरची औषधं सुरू केली, सुटल्यावरही चालू ठेवली. तिथे सुटून आलेल्यांचे ओव्हरडोसचे मृत्यू वर्षभरात ६१ टक्क्यांनी घटले. आपल्याकडे तिहारमध्ये ब्युप्रेनॉर्फिन (गर्दची तलफ आवरणारं औषध) दिलं गेलंय, पण सगळीकडे ते नाही, म्हणून ही जबाबदारी तुमच्यावर येऊन पडलीय.

सुटका बहुतेक वेळा संध्याकाळी होते, तेव्हा ओपीडी बंद असते. म्हणून आजच सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाऊन बोला. १४४४६ वर फोन केलात तर जवळचं केंद्र सांगतील. ब्युप्रेनॉर्फिन की नाल्ट्रेक्सोन (गर्दचा परिणाम होऊ न देणारं औषध), हे डॉक्टर ठरवतील. आईला एवढं सांगा, की ही गोळी म्हणजे नवं व्यसन नव्हे, बीपीच्या गोळीसारखा उपचार आहे.

घरात : गर्दवर दारू किंवा झोपेच्या गोळ्या म्हणजे सगळ्यात घातक. तो घोरल्यासारखा आवाज काढतोय, हलवूनही उठत नाही, ओठ-नखं निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तर "झोपू दे" म्हणू नका. आमच्याकडे आलेल्या कितीतरी घरांनी झोपू दिलं होतं. १०८ लावा. श्वास मंद असेल तर मान मागे करून, नाक दाबून, दर पाच सेकंदांनी तोंडाने श्वास द्या. श्वास नीट चालू असेल तर कुशीवर वळवा. मीठपाणी, कांदा, थपडा यांत वेळ घालवू नका. गर्द घेतलीय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, म्हणजे ते नालोक्सोन (गर्दचा असर उतरवणारं औषध) देतील. त्याचा असर गर्दच्या आधी उतरू शकतो, म्हणून शुद्धीवर आला तरी लगेच घरी आणू नका.

आणखी एक. त्याच्याशी हे उघड बोला. "घेतलीसच तर एकटा, कडी लावून घेऊ नकोस" हे बहिणीला म्हणवत नाही, कळतं मला. तरी म्हणा.

प्रतिसाद : सत्र न्यायालयात वकिली करतो

केस आपोआप रद्द होत नाही. कलम ६४अ नुसार, २७ किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून उपचार मागितले आणि घेतले तर त्याच्यावर खटला चालवता येत नाही. गर्दचं अल्प प्रमाण म्हणजे ५ ग्रॅमपर्यंत, तेव्हा दोन ग्रॅम त्यात बसतात. मात्र रुग्णालय किंवा संस्था सरकारी अथवा सरकारमान्य हवी आणि उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. नोंदणी नसलेल्या केंद्राची पावती कोर्टात उपयोगाची नाही. दोषी ठरल्यावर कलम ३९ आहे : शिक्षेऐवजी, त्याच्या संमतीने, कोर्ट बंधपत्रावर उपचारांना पाठवू शकतं.

अर्ज मात्र करावा लागतो, आणि बऱ्याच केसमध्ये तो कुणी करतच नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, १५१०० वरही फोन लागतो. ओपीडीचा पहिल्या दिवसाचा केसपेपर जपून ठेवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सकाळी जिल्हा रुग्णालयात जाऊन आले. सोमवार ते शनिवार ओपीडी आहे, सुटका शनिवारी रात्री झाली तर मधला रविवार उरतो. त्या एका दिवसासाठी मामा आमच्याकडे राहायला येतायत. आईला श्वास द्यायला उशीवर शिकवलं. ती रडली, पण शिकली. अर्जाचा नमुना कुणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, प्लीज.