ओरिजनल डिस्क घरात आहे, मग गेम नेटवरून उतरवला तर गुन्हा होतो का?

लातूरकर: प्लेस्टेशन 1 च्या सहा डिस्का आहेत, कन्सोल बंद पडलाय. तेच गेम डाउनलोड करून डकस्टेशनवर (संगणकावर प्लेस्टेशनचे गेम चालवणारा इम्युलेटर) खेळलं तर चालतंय का?

जालना_रेट्रो: इम्युलेटरला काही अडचण नाही, अडचण फाइलची. कॉपीराइट कायदा 1957, कलम 52(1)(एए) नीट वाचा: बॅकअप काढायचा तो आपल्या हातातल्या प्रतीवरूनच. दुसऱ्यानं नेटवर टाकलेली कॉपी त्यात बसत नाही. गेम बाजारातून गेला म्हणून हक्क संपत नाही, अन् ‘24 तासांत डिलीट केलं की माफ’ असं कुठल्याच कलमात नाही.

परभणीकर: डिस्कच रिप करा की, म्हणजे तिच्यावरचा गेम फाइल करून पीसीत घ्या. पीसीच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये टाका, इमेजबर्न या प्रोग्रामनं कमी स्पीडवर बिन-क्यू काढा (बिन फाइलीत डिस्कवरचा डेटा, क्यू फाइलीत ट्रॅकची यादी). आयएसओ प्रकारची फाइल नको, तिच्यात ऑडिओ ट्रॅक येत नाहीत. गेम चालतो पण संगीत गायब. बिनचं नाव बदललं तर क्यू नोटपॅडमध्ये उघडून पहिल्या ओळीतलं नावही बदला, नाहीतर गेम उघडणारच नाही.

लातूरकर: आणि बायोस? कन्सोल चालू करणारा त्याच्या आतला प्रोग्राम, तोही डकस्टेशनला लागतो ना?

जालना_रेट्रो: 512 केबीची फाइल आहे, पण तिच्यावरही कॉपीराइट आहे. ती स्वतःच्या कन्सोलमधूनच काढायची, म्हणून आधी कन्सोल दुरुस्तीला टाका.